दिवसाचं पाणी

बिभीषण आमच्या कॅज्युअल्टीत आला की त्याला आडवं करायच्या भानगडीत आम्ही पडत नव्हतो. एखादी नवी सिस्टर असली तर ती सवयीनं खाटेकडे हात करून म्हणायची, "झोपा मामा." तो नुसती मान हलवायचा. आडवं झालं की त्याला श्वासच घेता यायचा नाही. खाटेच्या कडेला पाय सोडून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून तो बसायचा आणि तोंड उघडं ठेवून हवा ओढत राहायचा. छातीला स्टेथोस्कोप लावला की आत बुडबुड ऐकू यायची. फुप्फुसात पाणी भरलेलं असायचं. बाजूला त्याची बायको रतनबाई, खांद्यावर त्याची घोंगडी, हातात दवाखान्याची फाईल घेऊन उभी.

मी मोहिनी. तालुक्याच्या गावच्या सरकारी दवाखान्यात अकरा वर्षं नर्स आहे, त्यातली सहा कॅज्युअल्टीत. सहा वर्षांत माणसं येतात-जातात, चेहरे लक्षात राहत नाहीत. जे राहतात ते परत परत येणाऱ्यांचे.

बिभीषण पंचेचाळिशीचा धनगर. तो आणि त्याचा धाकटा भाऊ अंगद, दोघांत मिळून दीडशे मेंढरं. दिवाळीनंतर गाव सोडायचं आणि पाऊस पडेपर्यंत रानोमाळ फिरायचं, असं त्यांचं पिढ्यान् पिढ्या चाललेलं. बिभीषणचं ब्लडप्रेशर कधीपासून वाढलेलं होतं कोणाला ठाऊक, कोणी तपासलंच नव्हतं. त्यात चालून चालून कंबर धरायची म्हणून दुकानातून दुखीच्या गोळ्या आणून रोज खायचा. दोन वर्षांपूर्वी अंगावर सूज आली तेव्हा तपासलं, तर दोन्ही किडन्या गेलेल्या. लघवी जवळजवळ बंद. म्हणजे जे पाणी पोटात जाईल ते अंगातच साठणार, आणि आठवड्यातून दोनदा मशीनवर काढावं लागणार.

मशीन आमच्याच दवाखान्यात होती. चार मशिनी, डायलिसिस फुकट. बिभीषणचं नाव मंगळवार-शुक्रवारच्या यादीत होतं. कळप जवळपासच्या रानात असला तर तो यायचा. लांब गेला तर यायचा नाही. आणि तिकडे आला नाही की तीन-चार दिवसांनी इकडे, कॅज्युअल्टीत यायचा. जीप करून, हवेसाठी तडफडत. मग ऑक्सिजन, इंजेक्शनं, धावपळ, डायलिसिसचा टेक्निशियन राधाकिशन याला निरोप, कोणा दुसऱ्याचा नंबर मागे ढकलून मशीन रिकामी करणं. चार तासांत तीन-साडेतीन लिटर पाणी निघायचं. तो उठायचा, घोंगडी खांद्यावर टाकायचा आणि म्हणायचा, "येतो बाई." आणि खरंच यायचा.

फेब्रुवारीत डॉक्टर अमरसिंह आमच्याकडे बदलून आले. त्यांनी पहिल्या आठवड्यातच मला बोलावलं.

"सिस्टर, जे पेशंट सारखे सारखे इमर्जन्सीत येतात त्यांची यादी करा. एकेकाचं बघू. का येतात ते कळलं तर निम्मे तरी कमी होतील."

मी रजिस्टर काढून बसले. नऊ नावं निघाली. दगडाबाई नावाची एक दम्याची म्हातारी महिन्यातून चारदा यायची. तिला बसवून विचारलं, पंप कसा घेता दाखवा. तर ती पंप जिभेवर फवारून गिळत होती. दोन वर्षं कोणी तिला घेऊन दाखवायला लावलंच नव्हतं. तीन दिवस रोज बोलावून शिकवलं, आणि दगडाबाई यायची बंद झाली. खरं सांगते, माझ्या डोक्यात हवा गेली. वाटलं, हे सोपं आहे. फक्त कोणीतरी लक्ष द्यायला पाहिजे.

बिभीषणच्या नावापुढे चार महिन्यांत दहा रेघा होत्या.

अकरावी पडली त्या दुपारी माझीच ड्यूटी होती. नाकातोंडातून गुलाबी फेस येत होता. आम्ही पाच जणांनी मिळून त्याला कसाबसा मशीनपर्यंत पोचवला. तो वाचतोय असं दिसल्यावर माझा राग वर आला. रतनबाई पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"दिवसाला पाऊण लिटर सांगितलं होतं ना? चहा, वरण, सगळं धरून? हे बघा किती पाणी झालंय. कोण देतं त्यांना पाणी? तुम्हीच ना?"

तिनं फाईल या हातातून त्या हातात घेतली.

"मग तुम्हीच मारताय त्यांना," मी म्हणाले.

तिनं पदर तोंडाशी धरला आणि खाली बघत राहिली. पॅसेजमधली माणसं आमच्याकडे बघत होती. मी आत निघून गेले.

डॉक्टर अमरसिंहांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "औषध आहे, मशीन आहे, सगळं फुकट आहे. तरी माणूस येत नाही. त्याला इथं विचारून कळणार नाही. एकदा जाऊन बघून या, जमलं तर."

मार्च लागला होता. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी स्कूटी घेऊन निघाले. कळप उमापूरच्या पुढे, ज्वारी काढलेल्या एका रानात बसवलेला होता. मेंढरं रानात बसली की लेंडीखत पडतं, म्हणून शेतकरीच बोलावून घेतात. सडकेवर अंगद उभा होता. तिशीतला, उन्हानं काळा पडलेला, कमी बोलणारा. त्यानं माझी स्कूटी बाभळीखाली लावली आणि पुढे चालू लागला.

बिऱ्हाड म्हणजे चार काठ्यांवर टाकलेलं ताडपत्रीचं छप्पर, तीन दगडांची चूल, जाळीच्या आत आठ-दहा कोकरं. रतनबाईनं मला बघितलं आणि क्षणभर घाबरलीच. मग लगबगीनं पोतं अंथरलं आणि पाण्याचा तांब्या भरून पुढे केला. मी उन्हातून आले होते. मी तो घटाघटा प्याले. तांब्या खाली ठेवला तेव्हा लक्षात आलं की ती माझ्याकडे नाही, तांब्याकडे बघत होती.

"कुठायत भाऊ?"

"मेंढरं पान्यावर नेलीत. हिरीवर."

मी विहिरीकडे गेले. शेतकऱ्यानं मोटर लावून सिमेंटचा हौद भरून दिला होता. दीडशे मेंढरं एकमेकांवर चढत पाणी पीत होती. पाणी पिण्याचा तो आवाज बऱ्याच लांबून ऐकू येत होता. बिभीषण हौदापासून दहा-बारा पावलांवर, पाठ फिरवून, काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"आलात बाई," तो म्हणाला. त्याला नवल वाटलं असावं, पण त्यानं ते दाखवलं नाही. आम्ही बांधावर बसलो.

"लांब उभं राहता?"

"हां. जवळ ग्येलं की अवघड हुतं."

"खरं सांगा भाऊ. किती पिता?"

त्यानं काठी बांधावर आडवी ठेवली. मग म्हणाला, "बाई, मी तुमच्याशी लबाड बोलनार न्हाई. चार दिस पाळतो, पाचव्या दिसाला मोडतं. प्यायचं ठरवून पीत न्हाई मी. हात जातो. मेंढरासंगं वाकतो आन मंग कळतं का आपुन पितुय." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. ओठांवर पांढरे पापुद्रे होते. "तुमाला तहान लागती तशी न्हाई ही. तोंडात लाकूड भरल्यावानी हुतं. डोक्यात दुसरं कायबी येत न्हाई."

"मशीनवर का येत नाही मग वेळेवर?"

"हितून यायचं म्हंजी सकाळी निघायचं, रातीला परत. दोन दिस ग्येले आठवड्याचे. मेंढरामागं दोन गडी लागत्यात. एकटा अंगद काय काय करंल? लांडगा हाय, कुत्री हायत, कुनाच्या कपाशीत मेंढरं घुसली तर भांडन हाय."

परत छपराखाली आलो. मी पिशवीतून पाऊण लिटरची बाटली काढली. तीवर मी आधीच रेघा मारून आणल्या होत्या. सकाळी इथपर्यंत, दुपारी इथपर्यंत, संध्याकाळी इथपर्यंत. घोट घोट घ्यायचं. चूळ भरून थुंकायचं. ठेच्यातलं मीठ कमी करायचं, मिठानं तहान वाढते. रतनबाई लक्ष देऊन ऐकत होती. बिभीषण कोकरांकडे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "बाई, तुमी म्हनला मी मारते."

मी बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

"तुमीच सांगा, कसं न्हाई म्हनावं? दारात वाटसरू आला, कुत्रं आलं तरी पानी ठिवतो आमी. आन ह्यो घरधनी. दिसभर उन्हात फिरून येतो, म्हनतो रतने, घोटभर दे. मी हंडा घोंगडीखाली झाकून ठिवते. रातचं उठून हुडकतो. मी जागी असते, झोपल्याचं सोंग घेते." ती थांबली. "परवा त्येनं हात जोडले मला."

त्या वेळी मी माफी मागायला हवी होती. मला जमलं नाही. मी अंगदला हाक मारली आणि विचारलं, पुढं कुठं जाणार.

"उमापुराहून तेलगावच्या अंगाला. ऊस तुटलाय तिकडं, शेंड्याचं वाढं मिळतंय. मंग कपाशीची रानं. तिथून सिरसाळ्याकडं."

"तेलगावहून दवाखान्यात यायला दोन एसट्या लागतील."

"लागत्याल."

"दोन महिने इथंच थांबता नाही येणार?"

"मेंढरानं खायाचं काय?" अंगद म्हणाला. तो रागानं बोलला नाही. मला कळत नाही म्हणून सांगत होता.

पुढचा आठवडाभर मी फोन करत होते. तेलगावच्या आणि सिरसाळ्याच्या वाटेवर डायलिसिस असलेल्या प्रत्येक दवाखान्यात. सगळीकडे एकच उत्तर. यादी भरलेली आहे, नाव लिहून ठेवतो. कोणी उद्धट बोललं नाही. राधाकिशन मला म्हणाला, "मॅडम, यादीतली जागा कशी रिकामी होते माहितेय ना तुम्हाला?" मला माहीत होतं.

मग मीच एक मार्ग काढला. बिभीषणनं कळपाबरोबर जायचंच नाही. आमच्या दवाखान्यापासून चार किलोमीटरवर त्यांचं गाव होतं. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर वर्षातले आठ महिने कुलूपबंद असायचं. शेजारी त्याची चुलती वच्छलाबाई राहायची. ती भाकरी घालेल. मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं, चार तास बसायचं, परत जायचं. मेंढरामागे रतनबाई जाईल.

हे सांगायला मी पुन्हा गेले तेव्हा मला वाटलं होतं वाद होईल. झाला नाही. रतनबाई म्हणाली, "मानूस ऱ्हायला तर मेंढरं. मी जाते मागं." अंगदनं मान डोलावली. बिभीषणला कोणी विचारलं का, ते मला आता आठवत नाही. मी तरी विचारलं नाही. मी त्याला त्याच्या भल्याचं सांगत होते.

पुढचे सात आठवडे तो कॅज्युअल्टीत एकदाही आला नाही. मंगळवारी यायचा, शुक्रवारी यायचा. वजन बरोबर, ब्लडप्रेशर आटोक्यात, पायाची सूज उतरलेली. घरी उन्हात फिरणं नव्हतं, त्यामुळे तहानही कमी लागायची. डॉक्टर अमरसिंहांनी बीडच्या बैठकीत आमची यादी दाखवली. नऊपैकी सहा पेशंटचं येणं थांबलंय असं सांगितलं. परत आल्यावर मला म्हणाले, "सगळं तुमचं काम आहे हे, सिस्टर." घरी मी नवऱ्याला दोनदा सांगितलं.

एप्रिलच्या अखेरीला राधाकिशन चहा पिता पिता म्हणाला, "तुमचा धनगर बोलायचा बंद झालाय. आधी मशीनवर चार तास मेंढरांचं पुराण लावायचा. हिला दोन कोकरं झाली, ती लंगडते. आता वर पंख्याकडं बघत बसतो."

मी त्या दिवशी डायलिसिसच्या खोलीत गेले. बिभीषणच्या हातातून रक्ताच्या दोन नळ्या मशीनकडे गेल्या होत्या. तो खरोखरच पंख्याकडे बघत होता.

"काय भाऊ, बरंय ना?"

"बरं हाय." मग माझ्याकडे न बघताच, "बाई, ह्ये किती दिस करायचं?"

त्याला खोटं सांगावंसं वाटलं नाही. "कायमचं, भाऊ. किडनी बदलली तरच सुटका. त्यात नंबर लागायला वर्षं जातात."

"म्हंजी मी कायमचा हिकडं आन रतन तिकडं."

"पावसाळ्यात येतील ना ते सगळे."

"यील," तो म्हणाला. "चार म्हैने." आणि पुन्हा पंख्याकडे बघायला लागला. मला वॉर्डातून बोलावणं आलं म्हणून मी गेले.

मेच्या पहिल्या शुक्रवारी तो आला नाही. मी वच्छलाबाईला फोन लावला. ती म्हणाली, "काल पहाटंच ग्येला. कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली. खोलीत कधी झोपलाच न्हाई त्यो, बाई. सडकंच्या कडंला बाज टाकून बसायचा. कुनाचीबी मेंढरं चालली तर उठून उभा ऱ्हायचा."

अंगदचा फोन लागला. त्यानं बिभीषणला दिला. पलीकडून घंटांचा, मेंढरांचा आवाज येत होता, आणि बिभीषण हसत होता. त्याला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"रागवू नका बाई. तेलगावच्या म्होरं हावोत. मंगळवारी येतो मशीनवर, पक्कं."

मी रागावले होते. "या," एवढंच म्हणाले.

तो मंगळवारी आला, दोन एसट्या बदलून. शुक्रवारी आला नाही. पुढच्या सोमवारी दुपारी जीप कॅज्युअल्टीच्या दारात थांबली. तोच बसलेला, हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. ओठ निळे पडले होते. बारावी वेळ. मी ऑक्सिजन लावत असताना त्यानं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली, मास्तरांनी पकडलेल्या पोरासारखी. ते मला सहन झालं नाही.

संध्याकाळी तो मशीनवरून उतरल्यावर मी डॉक्टर अमरसिंहांच्या खोलीत गेले. बिभीषणचे कागद त्यांच्यासमोर होते.

"गावी परत पाठवायचं का त्याला?" मी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तर राहील?"

"राहील थोडे दिवस. माझ्या भिडेखातर."

"अँब्युलन्सचं मी विचारलं," ते म्हणाले. "ठरलेल्या डायलिसिससाठी रानातून उचलून आणायला गाडी मिळत नाही. अंगदला मोटरसायकलवर आणायला सांगितलं तर मेंढरं एकट्या बाईच्या जिवावर." ते कागद चाळत राहिले. चाळण्यासारखं त्यात काही नव्हतं. "मला काही सुचत नाहीये, सिस्टर."

एवढ्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, ते अजून कळलेलं नाही.

मेच्या मध्याला मला एक फोन आला. सिरसाळ्याच्या बाजूच्या एका दवाखान्यात बुधवार-शनिवारची एक जागा मोकळी झाली होती. कशी झाली ते मी विचारलं नाही. कळप तिकडेच निघालेला होता. मी अंगदला ताबडतोब कळवलं. बिभीषण तिथं तीनदा गेला. तिन्ही वेळा अंगदचा फोन बरोबर नेऊन तिथून मला मिस्ड कॉल दिला, पोचलो म्हणून सांगायला. मला वाटलं, या वेळी जमलं. कळपही सुटला नाही, मशीनही.

मग मिस्ड कॉल आला नाही. एक बुधवार गेला, मग शनिवार. मी फोन लावला, अंगदचा फोन बंद. रानात चार्जिंग नसतं, हे नेहमीचं होतं. तिकडच्या दवाखान्यात लावला तर कळलं, त्यांचा पाणी शुद्ध करायचा प्लांट बिघडलाय. उन्हाळ्यात बोअरला क्षारच क्षार येतात. माणूस औरंगाबादहून यायचाय. सगळ्या पेशंटना दुसरीकडे जायला सांगितलंय.

"दुसरीकडे म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"जिथं सोय होईल तिथं," तो मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजावरून तोही थकलेला वाटत होता.

पुढचे आठ-दहा दिवस जीपचा आवाज आला की मी दाराकडे बघायची. एकदा दोनदा धावतही गेले. दुसरेच कोणी होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, अकराच्या सुमाराला, रतनबाई कॅज्युअल्टीच्या दारात उभी राहिली. एकटी. मी सवयीनं तिच्या मागे बघितलं. मग तिच्या कपाळाकडे लक्ष गेलं.

मी तिला आत नेऊन ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं. तिथं कोणी नव्हतं.

"सोमवारी," ती म्हणाली. "आज दहा दिस झाले. सांगाया कुनी आलं न्हाई. तुमी वाट बघत असाल म्हनून आले."

"मला आधी का नाही कळवलं? गाडी पाठवायला—" असं मी म्हणत होते आणि म्हणता म्हणताच थांबले. कुठली गाडी?

"मशीन बंद हुती. अंगद म्हनला, बीडला नेऊ. त्यो म्हनला, उद्या जाऊ, आज बरं वाटतंय. तसा त्यो रोजच म्हनायचा." ती हातातली पिशवी मांडीवर ठेवून बोलत होती, सावकाश, पाठ केल्यासारखं. "लिंबाखाली बसला हुता. बाटलीतलं सकाळीच सपलं. मला म्हनला, रतने, तोंड लाकूड झालंय. मी न्हाई म्हनले. परत म्हनला. मी उठून कोकरांकडं ग्येले. आले तर तसाच बसलेला, माझ्याकडं बघत. मंग मीच तांब्या भरला."

मी तिच्या हाताला हात लावला, तो गार होता.

"पुरा तांब्या पिला. म्हनला, आता जीव शांत झाला. तासाभरानं छाती धरली. जीप यायच्या आत..." तिनं डोळे पुसले नाहीत. सरळ माझ्याकडे बघितलं. "बाई, मी एक इचारते. त्या तांब्यानं ग्येला का त्यो?"

आठ-नऊ दिवस मशीन नाही. रक्तात काय काय साठलं असेल, हृदय कशानं बंद पडलं असेल, मी ते बघितलेलं नाही. तपासणारं कोणी नव्हतं. तांब्याभर पाण्यानं भर पडली असेल, नसेलही. अकरा वर्षांच्या नोकरीवर हात ठेवूनही मी खात्रीनं सांगू शकले नसते.

"नाही," मी म्हणाले. "तांब्यानं नाही गेले. मशीन बंद होती म्हणून गेले. तुम्ही पाणी दिलं नसतं तरी गेले असते, आणि तहानलेले गेले असते."

ती माझा चेहरा निरखत राहिली.

"पर तुमी त्या दिशी म्हनला..."

"मी चुकीचं बोलले होते. मला तुमचं काही माहीत नव्हतं. माझं चुकलं, रतनबाई."

तिनं मान हलवली. तिनं ते खरं मानलं का, मला कळलं नाही. ती उठायला गेली आणि भिंतीचा आधार घेऊन तशीच उभी राहिली.

"गरगरतंय," ती म्हणाली. "लई दिसापासनं. डोकं बी ठनकतंय."

मी तिला परत बसवलं आणि ब्लडप्रेशर बघितलं. एकशे ऐंशीवर एकशे दहा. दुसऱ्या हाताला लावून बघितलं, तेवढंच. दोन वर्षं ही बाई आमच्या कॅज्युअल्टीत येत होती, कधी तासन् तास भिंतीला टेकून उभी होती, आणि आमच्यापैकी कोणीही तिच्या दंडाला पट्टा लावला नव्हता. मी डॉक्टर अमरसिंहांना बोलावलं. त्यांनी तपासलं, महिनाभराच्या गोळ्या लिहून दिल्या, लघवी-रक्त तपासायला सांगितलं. मी स्वतः रक्त काढलं.

"रोज एक, सकाळी. चुकवायची नाही," मी सांगत होते.

"ह्या गोळीवर पानी किती प्यायचं?" तिनं विचारलं.

"तुम्हाला लागेल तेवढं प्या. भरपूर प्या."

तिनं गोळ्यांची पाकिटं पिशवीत एकाखाली एक लावून ठेवली.

"कंबर दुखते म्हणून दुकानातून गोळ्या घेऊ नका. आणि पुढच्या मंगळवारी या. रिपोर्टही येईल, पुन्हा प्रेशर बघावं लागेल. एवढ्या प्रेशरला आठ दिवसांच्या वर सोडता येत नाही."

"म्होरच्या मंगळवारी आमी कुठं असू त्ये अंगदलाबी म्हाईत न्हाई, बाई," ती म्हणाली. "दुसरा गडी न्हाई आता. मलाच मेंढरामागं ऱ्हावं लागतंय."

"मग जिथं असाल तिथल्या दवाखान्यात तरी दाखवा. हा कागद दाखवा."

"दाखवते."

तिला एसटी गाठायची होती. कळप उद्या पहाटे हलणार होता. मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. रस्ता ओलांडताना ती एकदा थांबली, डोक्याला हात लावला, मग चालू लागली.

तिचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. किडनीचं काम अजून ठीक होतं, पण काठावर. वेळेवर गोळ्या घेतल्या तर पुढची वीस वर्षंही काही होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे तिला सांगावं म्हणून मी अंगदला फोन लावला. बंद होता. दुसऱ्या दिवशी लावला, तेव्हाही बंद. मंगळवारी मी दिवसभर ड्यूटीवर होते. ती आली नाही. आता रोज सकाळी ड्यूटीवर आले की आधी तो नंबर लावते, मग ॲप्रन घालते.